उत्तर दारातच मिळाले, तर घरात कोण येईल?

गेल्या अंकात शोधयंत्रांवर दिसणाऱ्या एआय सारांशांविषयी आम्ही एक छोटी चौकट छापली होती आणि प्रश्न मागवले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा जास्त आली. पुनरुक्ती गाळून त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्यांना हा प्रकार परिचित नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी शोधयंत्रात प्रश्न टाइप केला की वेबसाइटांची यादी येत असे. आता पुष्कळदा त्या यादीच्या वर यंत्राने स्वतः रचलेले काही ओळींचे उत्तर येते, आणि ते ज्या पानांवरून तयार झाले त्यांच्या लिंक बाजूला किंवा खाली बारीक दिसतात. गूगलने ही सोय ‘एआय ओव्हरव्ह्यूज’ या नावाने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात सुरू केली.

प्रश्न : आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर मालकी देत नसेल तर ती सरकारी आदेशाने मिळवणे) करायचे आहे. अर्ज कोठे करायचा हे मोबाइलवर शोधले, वर आलेले उत्तर वाचले आणि फाइल घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. दोन तास थांबल्यावर ‘हे काम आमच्याकडे शेवटी येते’ असे कळले. अशा उत्तराची जबाबदारी कोणाची? ज्या लेखावरून ते घेतले, त्याच्या लेखकाची का? (एका संस्थेचे सचिव, मुलुंड)

उत्तर : आपले पत्र वाचून आम्ही तोच प्रश्न कार्यालयातील संगणकावर एका शोधयंत्राला विचारला. सारांशात सहा वाक्ये होती. अभिहस्तांतरण म्हणजे जमीन व इमारत यांची मालकी बिल्डरकडून संस्थेच्या नावे होणे, हे पहिल्या वाक्यात नीट सांगितले होते. तिसऱ्या वाक्यात मात्र ‘निबंधक कार्यालयात अर्ज व दस्त सादर करावा’ असे होते, आणि घोटाळा तेथेच आहे, कारण या कामात दोन निरनिराळ्या निबंधकांशी गाठ पडते. मोफा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार हा अर्ज सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा असतो. ते बिल्डरला नोटीस काढतात, सुनावणी घेतात, आदेश आणि प्रमाणपत्र देतात. त्यानंतर दस्ताचा मसुदा मुद्रांक शुल्क ठरवून घेण्यासाठी जातो. आणि दुय्यम निबंधकांकडील नोंदणी ही अगदी शेवटची पायरी असते. सारांशाखालच्या तीन लिंकपैकी दुसरी उघडली, तेव्हा तेथील लेखात हा क्रम जसाच्या तसा आढळला. उपनिबंधक आणि दुय्यम निबंधक यांची गल्लत करू नका, असा एक स्वतंत्र परिच्छेदच लेखकाने लिहिला होता. संक्षेप करताना नेमका तोच गळाला. म्हणजे ज्या माणसाने आपला हेलपाटा वाचवला असता, त्याच्या पानापर्यंत आपण पोहोचलाच नाहीत.

जबाबदारीबद्दल बोलायचे तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ इंटरनेटवरील मध्यस्थाला दुसऱ्याच्या मजकुराच्या दायित्वातून संरक्षण देते, पण त्यासाठीच्या अटींत पाठवल्या जाणाऱ्या माहितीची निवड न करणे आणि तिच्यात फेरफार न करणे यांचाही समावेश आहे. वेबसाइटांची यादी दाखवणारे यंत्र हे टपालवाल्यासारखे आहे, असे म्हणता येते. तेच यंत्र पत्र फोडून, चार पत्रांचे एक करून, आपल्या शब्दांत लिहून देऊ लागले तर त्याने टपालवाल्याची सवलत मागू नये, असे आमचे मत आहे. खाली बारीक अक्षरांत ‘चुका असू शकतात’ असे लिहिल्याने रांगेत गेलेले दोन तास परत मिळत नाहीत.

प्रश्न : आमचे मासिक गिरगावातून निघते. छापील वर्गणीदार घटल्यावर आम्ही जुने लेख वेबसाइटवर घातले आणि तेथील जाहिरातींतून टाइपसेटिंगचा तरी खर्च निघू लागला. आता लेख सारांशात वापरले जातात, पण वाचक येत नाहीत. ‘आमचा मजकूर यादीत दाखवा, सारांशात मात्र वापरू नका’ असे सांगण्याची काही सोय आहे का? (एक संपादिका)

उत्तर : संपादिकाबाई, आपण विचारलेले एक वाक्य हाच या साऱ्या वादाचा कणा आहे. ते वाक्य जसेच्या तसे सांगण्याची सरळ सोय मराठी प्रकाशकाच्या हाती नाही. ज्या सोयी आहेत, त्या एकेक करून पाहू.

प्रत्येक वेबसाइटच्या मुळाशी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक साधी फाइल ठेवता येते आणि कोणत्या यंत्राने आत यावे, कोणत्या यंत्राने येऊ नये, हे तीत लिहिता येते. ही पद्धत १९९४ पासूनची आहे आणि ती सर्वस्वी सौजन्यावर चालते, म्हणजे दारावर ‘कृपया आत येऊ नये’ अशी पाटी लावण्यासारखी. गूगलचा जो ‘गूगलबॉट’ यादीसाठी पाने गोळा करतो, त्याने आणलेल्या पानांवरूनच सारांशही बनतात. त्यामुळे त्याला अडवले तर आपण सारांशातून निघाल, पण यादीतूनही निघाल. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने ‘गूगल-एक्स्टेंडेड’ नावाची वेगळी सूचना उपलब्ध करून दिली आणि अनेक प्रकाशकांचा असा समज झाला की, आता प्रश्न सुटला. ती सूचना जेमिनी या त्यांच्या एआयसाठी मजकूर वापरू न देण्याची आहे. शोधाच्या पानावरील सारांशांना ती लागू होत नाही. तिसरी सोय ‘नोस्निपेट’ नावाच्या खुणेची. ती लावली की लेख सारांशात येत नाही, पण यादीत शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळीही जातात, आणि बाकीच्या दुकानांच्या पाट्या झगमगत असताना आपल्या पाटीवर फक्त नाव उरते. पानाचा ठरावीक भागच झाकण्याचीही एक खूण आहे, ‘डेटा-नोस्निपेट’. तिचा उपयोग खाली सांगतो.

नकार देण्याची किंमत किती असते, याचा एक जुना दाखला जर्मनीतला आहे. एआयचे नावही चर्चेत नव्हते तेव्हा, २०१४ मध्ये, अ‍ॅक्सेल स्प्रिंगर या बलाढ्य वृत्तपत्रसमूहाने मोबदल्याशिवाय आपल्या बातम्यांचे उतारे गूगलवर दाखवू देण्यास नकार दिला. दोन आठवड्यांत शोधातून येणारे वाचक सुमारे ४० टक्क्यांनी आणि गूगल न्यूजमधून येणारे सुमारे ८० टक्क्यांनी घटले, आणि समूहाने नकार मागे घेतला. स्प्रिंगरला जे दोन आठवडे झेपले नाही, ते गिरगावातल्या दोन खोल्यांच्या कार्यालयाला किती दिवस झेपेल, याचा हिशेब आपण आमच्यापेक्षा चांगला कराल.

वाचक खरोखरच कमी होतात का, या मुद्द्यावर कंपन्या आणि प्रकाशक यांचे जुळत नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधील ९०० प्रौढांच्या ब्राउझिंगच्या नोंदी तपासल्या. सारांश नसलेल्या शोधांपैकी १५ टक्क्यांत लोकांनी यादीतील एखादी लिंक उघडली. सारांश असलेल्या शोधांत हे प्रमाण ८ टक्के होते. आणि सारांशाच्या आत दिलेली लिंक उघडण्याचे प्रमाण अवघे १ टक्का. गूगलने या पाहणीची पद्धत सदोष ठरवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये असे सांगितले की, शोधातून वेबसाइटांकडे जाणारे एकूण क्लिक वर्षभरात साधारण स्थिर आहेत व त्यांचा दर्जा सुधारला आहे. ‘एकूण’ या शब्दावर बोट ठेवावेसे वाटते. सगळ्या मुंबईत मिळून पाऊस सरासरीइतका पडला, म्हणून आपल्या गॅलरीतली तुळस ओली झाली असे होत नाही. शिवाय सारांशातून आलेले क्लिक प्रकाशकांना सुरुवातीपासून इतर क्लिकमध्ये मिसळूनच दाखवले गेले, त्यामुळे आपल्या वाट्याला काय आले हे तपासण्याचे साधनही ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हाती राहिले.

मराठीच्या बाबतीत एक गोष्ट अधिक आहे. इंग्रजीत एखाद्या प्रश्नावर शेकडो चांगली पाने असतात आणि सारांश त्या सर्वांतून थोडे थोडे घेतो. कोळी समाजाच्या नारळी पौर्णिमेच्या विधींवर किंवा गिरणगावातील भजनी मंडळांवर मराठीत मुळात चार पाने असतील, आणि त्यांतील नीट लिहिलेले एकच असेल. सारांशाचे बहुतेक अंग त्याच एका लेखाचे असते. घेतले जाते जवळजवळ सगळे, आणि श्रेय मिळते तीन लिंकमधील एका लिंकइतके.

म्हणून पैशाआधी ही फारकत हवी, असे आम्हाला वाटते: यादीत राहण्याची संमती आणि सारांशात वापरण्याची संमती या दोन गोष्टी कायद्याने सुट्या केल्या पाहिजेत आणि एक नाकारल्याबद्दल दुसरीत शिक्षा होता कामा नये. ती फारकत होईपर्यंत आपण इतके करू शकता की, लेखाचा पहिला परिच्छेद उघडा ठेवून, ज्यासाठी वाचक यावा असे आपल्याला वाटते त्या भागाला, म्हणजे मुलाखतीतील मुख्य उत्तरांना किंवा आपण स्वतः गोळा केलेल्या नोंदींना, ‘डेटा-नोस्निपेट’ खूण लावावी. वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाला हे काम अर्ध्या तासाचे आहे.

प्रश्न : वयोमानाने डोळे अधू झाले आहेत. मोठ्या अक्षरांतला सारांश मला सोयीचा वाटतो. मी वापरू नये का? (एक आजोबा, विलेपार्ले)

उत्तर : अवश्य वापरा. तक्रार वाचणाऱ्याविरुद्ध नाही. औषध, पैसा आणि सरकारी कागद यांच्या बाबतीत मात्र खालची लिंक नातवाकडून उघडवून घ्यावी.

प्रश्न : मी चर्चगेटच्या एका महाविद्यालयात विधी शाखेत शिकते. माहितीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो फक्त मांडणीवर असतो, असे आम्हाला शिकवले आहे. मग आपल्या शब्दांत सारांश लिहिणारे यंत्र कायदा कोठे मोडते? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : आपल्याला बरोबर शिकवले आहे. कल्पना, विषय किंवा वस्तुस्थिती यांवर स्वामित्वहक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे. अमुक तारखेला पाणीकपात आहे, या माहितीवर कोणी हक्क सांगू शकत नाही. पण आपण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम २ एकदा सावकाश वाचा. त्यात ‘रूपांतर’ या संज्ञेची व्याख्या करताना साहित्यकृतीच्या बाबतीत तिचा संक्षेप करणे हेही रूपांतरात धरले आहे, आणि कलम १४ नुसार रूपांतर करण्याचा, भाषांतर करण्याचा आणि कृती इलेक्ट्रॉनिक साधनांत साठवण्याचा अधिकार हक्कधारकाचा आहे. म्हणजे ‘आम्ही फक्त थोडक्यात सांगितले’ हा बचाव वाटतो तितका निर्धोक नाही. इंग्रजी लेखावरून मराठी सारांश बनवला तर भाषांतराचाही प्रश्न येतो. एका वाक्याचे उत्तर संक्षेप ठरेल का, चार लेखांची गोळाबेरीज कोणाचा संक्षेप मानायची, येथे खरी वकिली सुरू होते.

समोरचा पक्ष कलम ५२ मधील ‘रास्त वापरा’कडे बोट दाखवेल. आपल्याकडील ही सवलत खासगी अभ्यास व संशोधन, टीका-परीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्त अशा मोजक्या कारणांपुरती लिहिलेली आहे, अमेरिकेतल्यासारखी सैल नाही. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध जो दावा दाखल केला, त्यात न्यायालयाने काढलेले मुद्दे याच रेषेवरचे आहेत: प्रशिक्षणासाठी मजकूर साठवणे हा भंग आहे का, उत्तरे देताना तो वापरणे हा भंग आहे का, कलम ५२ चे संरक्षण मिळते का, आणि सर्व्हर अमेरिकेत असताना भारतीय न्यायालयाला अधिकार आहे का. त्यातील दुसरा मुद्दा सारांशांच्या सर्वांत जवळचा आहे. प्रबंधाला विषय शोधत असाल तर हा घ्या.

प्रश्न : इतर देशांनी याबाबत काय केले? आपण नेहमीप्रमाणे मागेच का? (एक निवृत्त बँक कर्मचारी, दादर)

उत्तर : आपण अगदीच मागे आहोत असे नाही, भारतीय स्पर्धा आयोगाने डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून गूगलच्या चौकशीचा आदेश जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे सारांश जन्मण्याआधी, दिला होता. मात्र डिजिटल स्पर्धा विधेयकाचा जो मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तो कायद्यात उतरला नाही, आणि घटना घडून गेल्यावर चौकशी करण्याची आपली पद्धत या वेगापुढे तोकडी पडते.

ब्रिटनने उलटा मार्ग धरला. तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने १० ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारण शोधसेवेत गूगलचे स्थान ‘व्यूहात्मक’, म्हणजे बाजारावर भक्कम पकड असलेले, असल्याचे जाहीर केले आणि एआय ओव्हरव्ह्यूज व एआय मोड (यादीऐवजी संवादातून उत्तरे देणारी गूगलची सोय) यांना त्या कक्षेत घेतले. एकदा हे ठरले की, प्रत्येक वेळी नवा गुन्हा सिद्ध न करता वागणुकीचे नियम आधीच घालून देता येतात. त्यानुसार २८ जानेवारी २०२६ रोजी त्यांनी मांडलेल्या प्रस्तावांत, प्रकाशकांना आपला मजकूर सारांशांतून वगळण्याचा खरा पर्याय द्यावा, ही अट आहे. गिरगावच्या संपादिकाबाईंनी मागितली ती फारकत हीच. युरोपीय आयोगाने ९ डिसेंबर २०२५ रोजी याच विषयावर औपचारिक चौकशी सुरू केली. फ्रान्सने तर मार्च २०२४ मध्येच गूगलला २५ कोटी युरोंचा दंड केला होता, आणि कारणांत हेही होते की, बार्ड या एआयसाठी वृत्तप्रकाशकांचा मजकूर त्यांना न कळवता वापरला आणि अन्य सेवांतील स्थान न गमावता नकार देण्याची सोय बराच काळ दिली नाही. अमेरिकेत ‘रोलिंग स्टोन’ची मालक असलेल्या पेन्स्के मीडियाने सप्टेंबर २०२५ मध्ये सारांशांवरून दावा लावला आहे.

कॅनडाचे उदाहरण मात्र जपून वाचावे. तेथे २०२३ मध्ये बातम्यांसाठी पैसे देणे भाग पाडणारा कायदा झाला. गूगलने वर्षाला १० कोटी कॅनडियन डॉलर देण्याचे कबूल केले, पण मेटाने फेसबुक व इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढून टाकल्या आणि लहान गावांतील पत्रांचे वाचक एका रात्रीत तुटले. ज्याच्याकडे रस्ता आहे, त्याच्याकडे टोल मागताना तो रस्ताच बंद करू शकतो, हे नियम लिहिणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे लागते.

प्रश्न : आम्ही लालबागहून दिवाळी अंक काढतो. एआय कंपन्यांकडून सरकार मानधन मिळवून देणार असे ऐकले. आमच्यासारख्यांच्या हाती काही पडेल का? (एक प्रकाशक)

उत्तर : आपण ऐकले ते केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने, म्हणजे डीपीआयआयटीने, ८ डिसेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या कार्यपत्राबद्दल असावे. त्यातील प्रस्ताव असा की, एआयच्या प्रशिक्षणासाठी सर्व प्रकाशित मजकुराचा सक्तीचा परवाना असावा, हक्कधारकाला नकाराचा अधिकार नसावा, आणि कंपन्यांनी द्यावयाची रॉयल्टी एका मध्यवर्ती संस्थेमार्फत गोळा होऊन वाटली जावी. नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेने त्यावर भिन्नमत नोंदवले. आमची हरकत वेगळ्या बाजूने आहे. हा प्रस्ताव प्रशिक्षणाचा आहे. शोधाच्या क्षणी आपले ताजे पान वाचून त्यावरून सारांश बनवणे हा निराळा वापर आहे, आणि आपला वाचक तुटतो तो या दुसऱ्या वापरामुळे. पहिल्याचे पैसे घेऊन दुसऱ्याबद्दल गप्प बसावे लागले, तर तो सौदा तोट्याचा होईल.

हाती काही पडण्याच्या दृष्टीने आपल्या घरातील एक अडचण मात्र आजच दूर करता येईल. रॉयल्टी हक्कधारकाला मिळते, आणि दिवाळी अंकातील कथेचा हक्कधारक बहुधा आपण नसता. बाहेरच्या लेखकाने मानधनावर लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क कलम १७ प्रमाणे त्याचाच असतो. तो आपल्याकडे यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी व सहीचा कागद लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. आपल्याकडे चाळीस वर्षे सगळे फोनवर ठरत आले: ‘दोन हजार शब्द, गणपतीच्या आधी पाठवा.’ तेव्हा यंदाच्या लेखकांना निमंत्रणाचे पत्र पाठवाल, त्यात छापील अंक, वेबसाइट आणि एआयसाठीचा वापर या तिन्हींचा वेगवेगळा उल्लेख करा, एआयपासून काही मिळालेच तर लेखकाचा वाटा किती हे आकड्यात लिहा, आणि सही केलेली प्रत मानधनाच्या चेकआधी परत मागवून घ्या. नमुन्याचा मसुदा हवा असल्यास आमच्या कार्यालयात मिळेल. येताना मागच्या दहा अंकांच्या अनुक्रमणिका घेऊन या, कारण जुन्या लेखकांपैकी किती जणांचे पत्ते अजून आपल्याकडे आहेत, हे आधी पाहावे लागेल.